चारही इंजिनं बंद पडली, तरी आवाज शांत! इमर्जन्सीत पायलट पॅनिक का होत नाहीत?

२४ जून १९८२ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान लंडनहून ऑकलंडला निघालं होतं. वाटेत मुंबई आणि क्वालालंपूरचे थांबे घेऊन ते आता ऑस्ट्रेलियाच्या दिशेनं चाललं होतं. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या दक्षिणेला, ३७ हजार फुटांवर असताना कॉकपिटच्या काचांवर विचित्र ठिणग्या चमकायला लागल्या. केबिनमध्ये धूर आणि गंधकाचा वास पसरला. आणि मग एकापाठोपाठ एक करत चारही इंजिनं बंद पडली.

आता विमानात २६३ माणसं, खाली अंधारा समुद्र आणि इंजिन एकही चालू नाही. अशा वेळी कॅप्टन एरिक मूडी यांनी माइक हातात घेतला आणि प्रवाशांना सांगितलं, की एक छोटी अडचण आली आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती पुन्हा सुरू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय आणि तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.

'छोटी अडचण'! ही घोषणा विमान वाहतुकीच्या इतिहासात अजरामर झाली. विमान साधारण १३ मिनिटं इंजिनाशिवाय तरंगत खाली येत राहिलं. मग इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि मूडी यांनी ते जकार्ताला उतरवलं. समोरची काच इतकी घासली गेली होती, की तिच्यातून धड दिसतही नव्हतं. नंतर कळलं, की विमान गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरलं होतं. राख कोरडी असल्यामुळे हवामानाच्या रडारवर ती दिसलीच नव्हती. २६३ पैकी सगळे जण वाचले.

अशा गोष्टी वाचल्या की आपल्याला वाटतं, ही माणसं वेगळ्याच मातीची असणार. आपली गाडी घाटात जरा घसरली तरी हातपाय गार पडतात आणि हे लोक इंजिन बंद पडल्यावर इतके शांत कसे राहतात?

याचं उत्तर पायलटच्या स्वभावात थोडं आणि त्याच्या ट्रेनिंगमध्ये जास्त आहे. नेमकं काय ते समजून घेऊया.

पायलटला भीती वाटतच नाही का?

वाटते. अगदी तुमच्या-आमच्यासारखीच वाटते.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचं एअरबस ए३२० उडालं. जेमतेम २८०० फुटांवर असताना समोरून आलेला कॅनडा गीज पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. पुढे साडेतीन मिनिटांत कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी हे विमान हडसन नदीवर उतरवलं. विमानातले सगळेच्या सगळे १५५ जण वाचले. या घटनेवर आलेला 'सली' हा टॉम हँक्सचा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल.

हेच सलेनबर्गर नंतर मुलाखतीत म्हणाले होते, की त्या क्षणी पोटात खड्डा पडला, पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं आणि आयुष्यात इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

आणखी एक गंमत आहे. त्यांच्या विमानाचा क्रमांक होता १५४९. पण 'मेडे'चा संदेश देताना त्यांच्या तोंडून निघालं १५३९! रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येतं. चाळीसहून अधिक वर्षं विमान उडवणाऱ्या माणसाची जीभही ताणाखाली अडखळली. पण हात अडखळले नाहीत. बोलायला चुकलं तरी चालतं, विमान सांभाळायला चुकून चालत नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

अचानक काही घडलं की आपला मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम येतो, श्वास उथळ होतो. हरणानं वाघ पाहिल्यावर जे होतं तेच. पळायचं असेल किंवा झुंजायचं असेल तर हे उपयोगाचं आहे. पण कॉकपिटमध्ये पळायला जागा नसते आणि झुंजायचं असतं ते आकड्यांशी. त्यात ताण आला की माणसाची नजर एकाच ठिकाणी खिळते, कानावर पडणारे आवाज मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत आणि साधी बेरीजसुद्धा जड जाते. विमान वाहतुकीच्या भाषेत या पहिल्या धक्क्याला 'स्टार्टल इफेक्ट' म्हणतात.

हा धक्का कोणालाच टाळता येत नाही. पायलटला शिकवलं जातं ते त्यातून लवकर बाहेर यायला.

पॅनिक म्हणजे आरडाओरडा नव्हे

पॅनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारी, ओरडणारी माणसं येतात. कॉकपिटमधलं पॅनिक बहुतेक वेळा असं दिसत नाही. ते तीन रूपांत येतं.

पहिलं रूप म्हणजे, काय घडतंय हेच न उमगणं. १ जून २००९ ला रिओ दि जानेरोहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं आणि २२८ जणांचा मृत्यू झाला. सुरुवात तशी किरकोळ होती. विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेगाचे आकडे चुकीचे यायला लागले आणि ऑटोपायलट आपोआप सुटला. हा बिघाड एक मिनिटही टिकला नाही. विमानाचं नाक आणि इंजिनाची ताकद ठरावीक ठिकाणी धरून शांत बसलं असतं तरी पुरलं असतं. पण दचकलेल्या सहवैमानिकानं विमानाचं नाक वर खेचलं आणि तो ते खेचतच राहिला. वेग इतका घटला, की पंखांना विमान तोलून धरता येईना. ही स्थिती आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये ७५ वेळा वाजला. एकाही पायलटनं त्या इशाऱ्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून विमान समुद्रावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंही लागली नाहीत.

दुसरं रूप म्हणजे एकाच गोष्टीत अडकणं. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाची चाकं नीट उघडली की नाही अशी शंका आली. कॅप्टन घिरट्या घालत त्याच प्रश्नाचा छडा लावत राहिले. इकडे इंधन संपत आलं होतं. सहकाऱ्यांनी ते सांगितलंही, पण ठासून सांगितलं नाही. शेवटी इंधन संपलं, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं आणि १० जणांचा जीव गेला. चाकांच्या काळजीत इंधनाकडे दुर्लक्ष झालं होतं.

तिसरं रूप म्हणजे घाई. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईमध्ये ट्रान्सएशियाच्या विमानाचं एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झालं. विमान दुसऱ्या इंजिनावर व्यवस्थित उडू शकत होतं. पण घाईघाईत कॅप्टननं चालू असलेलंच इंजिन बंद केलं. चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. ५८ पैकी ४३ जणांचा मृत्यू झाला. पुलाला पंख घासून नदीत पडणाऱ्या त्या विमानाचा व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिलाही असेल.

आजच्या पायलटांना जे शिकवलं जातं, ते अशाच अपघातांतून आलंय.

नियम पहिला : आधी विमान उडवा

जगभरातल्या पायलटांना पहिल्या दिवसापासून एक क्रम घोकून घ्यावा लागतो. आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते ठरवा आणि मग बोला.

ऐकायला हे अगदीच साधं वाटतं. पण इमर्जन्सीत दहा दिवे एकदम लुकलुकत असतात, अलार्म वाजत असतो, कंट्रोलर रेडिओवर प्रश्न विचारत असतो. अशा वेळी कशाला आधी हात घालायचा, हा निर्णयच माणसाला गोठवून टाकतो. या क्रमामुळे तो प्रश्न मिटतो. पंख सरळ आहेत का? वेग ठीक आहे का? उंची किती आहे? बाकी सगळं नंतर.

म्हणूनच कधी कधी कंट्रोलरनं हाक मारली तरी पायलट उत्तर देत नाही किंवा फक्त 'थांबा' असं म्हणतो. तो उद्धटपणा नसतो, त्याचे हात त्या वेळी गुंतलेले असतात.

बोलायची वेळ येते तेव्हाही शब्द ठरलेले असतात. जीवघेणा धोका असेल तर तीनदा 'मेडे'. तातडीची अडचण आहे पण लगेच जिवावर बेतलेलं नाही, तर तीनदा 'पॅन-पॅन'. ट्रान्सपॉन्डर नावाच्या यंत्रावर ७७०० हा आकडा टाकला, की रडारवर ते विमान संकटात असल्याचं सगळ्या कंट्रोलरना दिसतं. म्हणजे घाबरलेल्या माणसाला वाक्यं जुळवत बसावं लागत नाही.

नियम दुसरा : हात आवरा

जुन्या काळातले पायलट नव्या पोरांना सांगायचे, काही बिघडलं की सगळ्यात आधी कॉकपिटमधल्या घड्याळाला चावी दे. त्या चावीचा विमानाला काडीचा उपयोग नसायचा. पण ती चार-पाच सेकंद हात एका निरुपद्रवी कामात गुंतायचे आणि तेवढ्यात डोकं ठिकाणावर यायचं.

आता घड्याळाला चावी नसते, पण तत्त्व तेच आहे. एक दीर्घ श्वास, खांदे सैल, काय दिसतंय ते मोठ्यानं बोलायचं आणि मगच बटणाला हात. इंजिन बंद करण्यासारखी, माघारी न फिरवता येणारी गोष्ट असेल, तर एक पायलट लिव्हरवर हात ठेवतो आणि दुसऱ्याला विचारतो, 'हेच ना?' दुसऱ्यानं पाहून 'हो' म्हटल्याशिवाय ते ओढायचं नाही. तैपेईतल्या चुकीसारखी चूक टाळायची असेल तर हीच पद्धत कामी येते.

अर्थात काही वेळा थांबायला वेळच नसतो. ३५ हजार फुटांवर केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर ऑक्सिजनशिवाय माणसाचं डोकं नीट चालतं ते साधारण अर्धा ते एक मिनिट. तिथे पुस्तक उघडून बसता येत नाही. अशा मोजक्या प्रसंगांसाठीच्या कृती पायलटला तोंडपाठ असतात. सगळ्यात आधी स्वतःचा मास्क, मग बाकीचं. एअर होस्टेस आपल्याला जे सांगते, तोच नियम कॉकपिटमध्येही आहे.

मूडी यांच्या विमानातही हा प्रसंग आला होता. इंजिनं बंद पडल्यामुळे केबिनचा दाब उतरत होता आणि सहवैमानिकाचा मास्क हातात आला तो तुटलेला. इंजिन बंद असलेल्या विमानासाठी उंची म्हणजे गाठीला असलेले पैसे. तरीही मूडी यांनी सहकाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून विमान झपाट्यानं खाली आणलं. महागडा निर्णय होता, पण तो विचार करून घेतलेला होता.

नियम तिसरा : डोक्यावर नाही, कागदावर विश्वास ठेवा

३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगच्या एका नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. विमान उडालं आणि लगेच कोसळलं. दोघांचा जीव गेला. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीकडचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. आणि पायलट कच्चा नव्हता, चांगला अनुभवी होता.

तेव्हा लक्षात आलं, की विमान आता एका माणसाच्या आठवणीवर सोडण्याइतकं सोपं राहिलेलं नाही. त्यातून चेकलिस्टची पद्धत रुळली. आज प्रत्येक कॉकपिटमध्ये इमर्जन्सीसाठीचं वेगळं पुस्तक किंवा स्क्रीन असते. एक पायलट वाचतो, दुसरा करतो आणि उत्तर देतो.

घाबरलेल्या माणसाला चेकलिस्टचा दुहेरी फायदा होतो. काही विसरत नाही, हा झाला एक. दुसरा म्हणजे, 'आता काय होणार' या विचारात भरकटलेलं मन 'आता पुढची ओळ कोणती' इथे येऊन टेकतं.

पण चेकलिस्टही आंधळेपणानं वापरायची नसते. हडसनच्या वेळी दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वाचायची चेकलिस्ट तीन पानी होती आणि ती खूप उंचावरच्या विमानासाठी लिहिलेली होती. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स ती वाचत होते, पण शेवटपर्यंत पोहोचायला वेळच नव्हता. सलेनबर्गर यांनी यादीत बरंच खाली असलेलं एक काम सुरुवातीलाच उरकून टाकलं. शेपटीतलं छोटं सहायक इंजिन त्यांनी सुरू केलं. त्यामुळे विमानातली वीज टिकली आणि कंट्रोल्स शेवटपर्यंत नीट चालले.

नियम चौथा : एकट्यानं लढू नका

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण ठार झाले. केएलएमच्या कॅप्टननं परवानगी मिळण्याआधीच टेकऑफ सुरू केला होता. धावपट्टीवरचं दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नसावं अशी शंका फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. पण कॅप्टन कंपनीतले फार मोठे, नावाजलेले पायलट होते. त्यांनी ठामपणे उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला.

टेनेरिफ आणि पोर्टलंड या दोन अपघातांनंतर विमान कंपन्यांनी आपल्या कामाची रीतच बदलली. १९७९ मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली आणि 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' हे ट्रेनिंग सुरू झालं. म्हणजे काय, तर कॅप्टननं ऐकायला शिकायचं आणि ज्युनिअरनं बोलायला शिकायचं. आज कॉकपिटमध्ये एक जण विमान उडवतो आणि दुसऱ्याचं कामच असतं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. ताबा बदलतानाही संदिग्धता नको म्हणून शब्द ठरलेले आहेत. 'आता विमान माझ्याकडे' असं एकानं म्हणायचं आणि 'विमान तुमच्याकडे' असं दुसऱ्यानं कबूल करायचं. हडसनच्या प्रसंगात उड्डाणाच्या वेळी विमान स्काइल्स चालवत होते. पक्षी धडकल्यावर काही सेकंदांत हे दोन वाक्यांचं संभाषण झालं आणि दोघांनी आपापली कामं वाटून घेतली.

हे अजूनही सोपं झालेलं नाही. ७ ऑगस्ट २०२० चा कोझिकोडचा अपघात आठवत असेल. वंदे भारत मोहिमेतलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान भर पावसात टेबलटॉप रनवेवरून पुढे घसरून दरीत कोसळलं. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिकासह २१ जणांचा मृत्यू झाला. साठे हवाई दलातून आलेले, अतिशय अनुभवी पायलट. अपघाताच्या चौकशी अहवालात म्हटलंय, की विमान धावपट्टीवर बरंच पुढे टेकलं आणि सहवैमानिकानं 'गो अराउंड', म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चला, असं सांगूनही लँडिंग सुरूच राहिलं. अनुभव कितीही असला तरी ताणाखाली 'आता उतरवूनच टाकू' ही ओढ किती जबर असते, हे यातून दिसतं. म्हणूनच दुसऱ्याचा आवाज ऐकणं आणि वेळ पडली तर ज्युनिअरनं ताबा घेणं, या दोन्ही गोष्टींची तालीम आता पुन्हा पुन्हा केली जाते.

नियम पाचवा : काय बिघडलं यापेक्षा काय चालू आहे ते बघा

४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासचं एअरबस ए३८०, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, ४६९ जणांना घेऊन सिंगापूरहून सिडनीला निघालं. उड्डाणानंतर काही मिनिटांतच एक इंजिन फुटलं आणि त्याचे तुकडे पंखातून आरपार गेले. इंधन गळायला लागलं, वायर तुटल्या, ब्रेकची यंत्रणा अर्धवट झाली. स्क्रीनवर एकामागून एक इशारे येत राहिले. ते संपेचनात.

कॉकपिटमध्ये त्या दिवशी नशिबानं पाच पायलट होते. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी घाईनं परत फिरण्याऐवजी हवेतच घिरट्या घालायचं ठरवलं. विमान उडतंय ना? मग वेळ आहे. जवळपास ५० मिनिटं टीम एकेक चेकलिस्ट वाचत राहिली. एका टप्प्यावर बिघाडांची यादी डोक्यात मावेना, तेव्हा कॅप्टननी प्रश्नच उलटा केला. काय बिघडलंय ते सोडा, काय चालू आहे ते सांगा. मनातल्या मनात त्यांनी त्या अवाढव्य विमानाचं एक छोटं साधं विमान करून टाकलं. पंख आहेत, थोडी इंजिनं आहेत, थोडे ब्रेक आहेत. एवढ्यावर उतरता येईल का? येईल.

विमान उतरून थांबलं ते चार किलोमीटरच्या धावपट्टीचे शेवटचे दीडेकशे मीटर उरलेले असताना. पुढची परीक्षा जमिनीवर होती. ब्रेक लालबुंद तापलेले, शेजारी गळणारं इंधन आणि एक इंजिन काही केल्या बंद होईना. आपल्याला वाटेल, पटकन स्लाइड उघडून सगळ्यांना बाहेर काढावं. पण बाहेर इंधनाचं तळं आणि चालू इंजिन होतं. विमानाच्या आतच लोक जास्त सुरक्षित होते. म्हणून अग्निशमन दलानं फवारणी करेपर्यंत सगळ्यांना आत बसवून ठेवलं आणि मग जिन्यानं उतरवलं. कोणालाही इजा झाली नाही.

असे निर्णय घ्यायलाही सूत्रं असतात. युरोपातल्या अनेक कंपन्यांत सहा पायऱ्या शिकवतात. आधी वस्तुस्थिती काय ते पाहा, मग पर्याय मांडा, प्रत्येकाचे धोके-फायदे तोला, निर्णय घ्या, अमलात आणा आणि पुन्हा तपासा. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण 'आपला निर्णय चुकला असेल तर?' हे विचारायची सवय त्यातून लागते.

सिम्युलेटर : जिथे रोज विमान पडतं

हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारता येते का? तसंच.

म्हणून भारतासह सगळीकडे पायलटांना साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. नापास झाला तर पुन्हा ट्रेनिंग. तोवर विमान नाही. हायड्रॉलिक पायांवर उभं असलेलं हे खोटं कॉकपिट हुबेहूब खऱ्यासारखं हलतं, आवाज करतं, धक्के देतं. टेकऑफच्या ऐन वेगात इंजिन बंद, केबिनमध्ये धूर, दाब गेला, चाकं उघडत नाहीत, असं सगळं तिथे घडवलं जातं. एअर फ्रान्सच्या अपघातानंतर तर नियमच बदलले. विमान तोल सोडून कोसळायला लागलं तर ते कसं सावरायचं आणि अचानक बसलेल्या धक्क्यातून कसं बाहेर यायचं, याचं वेगळं ट्रेनिंग सक्तीचं झालं.

असं झालं की खरी इमर्जन्सी आली तेव्हा मेंदूला ती ओळखीची वाटते. सलेनबर्गर यांनी स्वतः ही गोष्ट बँकेच्या उदाहरणानं समजावली होती. त्यांचं म्हणणं असं, की ४२ वर्षं ते अनुभवाच्या बँकेत थोडी थोडी रक्कम भरत होते आणि त्या दिवशी एकदम मोठी रक्कम काढता आली.

मग आपल्याला काही सांगत का नाहीत?

इमर्जन्सीत प्रवाशांची सगळ्यात मोठी तक्रार ही असते. विमान गोल गोल फिरतंय आणि पायलट गप्प.

११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात हायड्रॉलिक यंत्रणेचा बिघाड झाला. विमानात १४१ प्रवासी होते. विमान अडीच तास शहरावर घिरट्या घालत राहिलं. टीव्हीवर आणि आपल्या मोबाइलवर तो गोल गोल नकाशा लाइव्ह चालू होता आणि खाली कमेंटमध्ये लोक हात जोडत होते. 'विमान पोटावर उतरणार' अशा बातम्याही फिरल्या.

प्रत्यक्षात त्या घिरट्या म्हणजे पॅनिक नव्हतं, ती योजना होती. उड्डाणानंतर लगेच विमान इंधनानं जड असतं. तसंच उतरवलं तर चाकांवर आणि ब्रेकवर भार येतो. मोठ्या विमानांना हवेत इंधन सोडून देता येतं, बोइंग ७३७ ला ती सोयच नाही. मग एकच उपाय, फिरत राहून इंधन जाळायचं. तेवढ्या वेळात खाली अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सज्ज झाल्या. शेवटी सहवैमानिक मैत्रेयी शितोळे आणि त्यांच्या कॅप्टननी विमान चाकांवरच, नेहमीसारखं उतरवलं. सगळे सुखरूप.

पायलट गप्प असतो तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्या दोन नियमांवर काम करत असतो. प्रवाशांशी बोलायचा नंबर त्यानंतर लागतो. त्याआधी तो केबिन क्रूला चार गोष्टी सांगतो. बिघाड काय आहे, आपण काय करणार आहोत, किती वेळ आहे आणि खास सूचना काय. क्रूनं त्या परत म्हणून दाखवायच्या असतात. मग ट्रॉल्या बंद होतात, पट्टे तपासले जातात आणि तुम्हाला डोकं खाली घालून बसायला सांगितलं जातं.

आणि घोषणा करताना आवाज मुद्दाम संथ ठेवला जातो, कारण भीती जशी पसरते तसा शांतपणाही पसरतो.

आपण काय करायचं?

पायलटनं विमान उतरवलं तरी पुढचं काम आपल्याकडे असतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले. त्यात क्रूच्या ट्रेनिंगइतकाच वाटा प्रवाशांचाही होता. त्यांनी सूचना पाळल्या आणि बॅगांसाठी दारं अडवली नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा एवढं करा.

- आपल्या सीटपासून पुढचं आणि मागचं इमर्जन्सी दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा. धुरात डोळ्यांनी दिसत नाही, हातानं रांगा मोजता येतात.
- बसलेले असाल तोवर पट्टा बांधलेलाच ठेवा.
- मास्क आधी स्वतःला, मग मुलाला किंवा शेजाऱ्याला.
- लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवू नका. आत पाणी शिरलं तर ते तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात उतरलं तेव्हा अनेकांचा जीव याच कारणानं गेला.
- बाहेर पडताना बॅग नको आणि व्हिडिओही नको. तुमचे ते पाच सेकंद मागच्या माणसाला महागात पडू शकतात.

जाता जाता...

हडसनमध्ये विमान उतरल्यावर सलेनबर्गर लगेच बाहेर पडले नाहीत. पाणी चढत असलेल्या केबिनमध्ये ते दोनदा टोकापर्यंत जाऊन आले. कोणी मागे राहिलंय का ते पाहिलं आणि मगच बाहेर आले. त्या दिवशी त्यांनाही भीती वाटत होती, पण वर्षानुवर्षांच्या सरावामुळे पुढचं काम काय आहे हे त्यांना ठाऊक होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये, अपघात पाहिल्यावर किंवा घरात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडल्यावर आपल्यालाही हे वापरता येईल. एक श्वास घ्या, सगळ्यात गरजेचं एक काम ओळखा, शेजारच्या माणसाला हाक मारा आणि मग पुढचं काम.

आणि हो, पुढच्या फ्लाइटमध्ये एअर होस्टेस सूचना द्यायला उभी राहिली, की दोन मिनिटं मोबाइल खाली ठेवा. तुमच्यासाठी असलेली इमर्जन्सीची चेकलिस्ट तीच आहे.